साखिरची शर्यत कोणी जिंकली? ६ डिसेंबर २०२० च्या दोन निकालांची उकल

गोरखपूर (जबलपूर) : हे गोरखपूर उत्तर प्रदेशातील नव्हे, जबलपूर शहरातील बाजारपेठेचा हा भाग. येथील एका दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात फोर्स इंडिया संघाच्या फॉर्म्युला वन गाडीचे जुने चित्र अजूनही भिंतीवर आहे. पांढरा, केशरी आणि हिरवा हे तिचे रंग तेलकट धुळीने आता मळले आहेत. दुकानाच्या मराठी मालकाने प्रस्तुत प्रतिनिधीला एक प्रश्न विचारला, "तुम्ही बातम्यांतले ना? मग एवढं सांगा साहेब, आपली ही गाडी एकदा तरी जिंकली का?"

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी ६ डिसेंबर २०२० या दिवसाचा निकाल उघडावा लागतो. त्या दिवशी बहारीनमधील साखिर येथे एकाच मार्गावर, काही तासांच्या अंतराने दोन शर्यती झाल्या. आधीची फॉर्म्युला टूची, नंतरची फॉर्म्युला वनची. फॉर्म्युला टूच्या शर्यतीत मुंबईचा जेहान दारूवाला पहिला आला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पहिल्या दहांत एकही भारतीय नाव नव्हते आणि कोणत्याही भारतीय संघाचा उल्लेख नव्हता. तरीही दुकानमालकाच्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे ते या दुसऱ्याच निकालात.

प्रथम तो निकाल. मेक्सिकोचा सर्जिओ पेरेझ (रेसिंग पॉइंट) पहिला, फ्रान्सचा एस्टेबान ओकॉन (रेनॉ) दुसरा आणि कॅनडाचा लान्स स्ट्रोल (रेसिंग पॉइंट) तिसरा. त्यानंतर अनुक्रमे कार्लोस सेन्झ, डॅनियल रिकार्डो, अॅलेक्स अल्बॉन, दानिल क्व्यात, वाल्टेरी बोटास, जॉर्ज रसेल आणि लँडो नॉरिस. पेरेझने ८७ फेऱ्यांचे अंतर १ तास ३१ मिनिटे १५.११४ सेकंदांत पूर्ण केले. ओकॉन त्याच्या १०.५१८ सेकंद मागे होता. फॉर्म्युला वनमधील १९० व्या शर्यतीत पेरेझला मिळालेला हा पहिला विजय होता. मेक्सिकोच्या चालकाने त्यापूर्वी अशी शर्यत जिंकली होती ती १९७० मध्ये; बेल्जियममध्ये पेड्रो रॉड्रिगेझने.

हा तक्ता वाचताना जाणकाराची नजर आठव्या आणि नवव्या ओळीवर अडते. बोटास आणि रसेल हे दोघेही मर्सिडीज संघाचे. त्या काळी मर्सिडीजची गाडी आठव्या-नवव्या क्रमांकावर दिसणे ही छपाईची चूक वाटावी, इतका तो संघ पुढे होता. शिवाय या शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात केली होती ती याच दोघांनी, आणि ६० फेऱ्या उलटून गेल्या तरी पहिल्या दोन जागा त्यांच्याकडेच होत्या.

हा फरक समजण्यासाठी त्या आठवड्याची पार्श्वभूमी पाहावी लागते. करोना साथीमुळे २०२० चा हंगाम १७ शर्यतींचा झाला आणि साखिरच्या मैदानावर लागोपाठ दोन आठवडे शर्यती ठेवण्यात आल्या. पहिल्या आठवड्यात, २९ नोव्हेंबर रोजी, रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून पेटली. त्या आगीतून तो बाहेर आला, मात्र हात भाजल्याने पुढच्या शर्यतीला मुकला. त्यानंतर दोनच दिवसांनी विश्वविजेता लुईस हॅमिल्टन करोनाबाधित असल्याचे जाहीर झाले. त्याच्या जागी मर्सिडीजने विल्यम्स संघाकडून तरुण जॉर्ज रसेलला मागून घेतले. विल्यम्समध्ये रसेलच्या जागी जॅक एटकेन आला. या शेवटच्या बदलाचा परिणाम पुढे फार मोठा ठरला.

दुसऱ्या आठवड्यासाठी मार्गही बदलला होता. नेहमीच्या वळणदार भागाऐवजी बाहेरचा, ३.५४३ किलोमीटरचा छोटा मार्ग निवडण्यात आला. बोटासने त्यावर पात्रता फेरीत ५३.३७७ सेकंदांची वेळ नोंदवली. रसेल त्याच्यापेक्षा अवघा ०.०२६ सेकंदाने मागे होता. फेरी एका मिनिटाच्या आत संपत असली की पिटमध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या हाती विचाराला वेळ उरत नाही, आणि झालेली चूक दुरुस्त करायलाही उरत नाही.

शर्यतीच्या पहिल्याच फेरीत, चौथ्या वळणावर शार्ल लेक्लेरची गाडी पेरेझच्या गाडीवर आदळली. लेक्लेर आणि मॅक्स व्हर्स्टापेन हे दोघे तेथेच बाद झाले. पेरेझची गाडी गरकन फिरली, परंतु चालू राहिली. टायर बदलून तो पुन्हा मार्गावर आला तेव्हा उरलेल्या १८ गाड्यांत त्याचा क्रमांक अठरावा होता. तेथून एकेक गाडी मागे टाकत तो वर सरकत गेला. आपलाच सहकारी स्ट्रोल आणि पाठोपाठ ओकॉन यांनाही त्याने गाठले आणि शर्यतीचा उत्तरार्ध सुरू असताना तो तिसऱ्या स्थानावर पोहोचला. मर्सिडीजच्या दोन गाड्या मात्र त्याच्या आवाक्यात नव्हत्या, आणि पुढे जे घडले ते घडले नसते तर त्या तशाच राहिल्या असत्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

साठाव्या फेरीनंतर एटकेनची विल्यम्स गाडी घसरून कठड्याला लागली आणि तिचा पुढचा पंख मार्गावर पडला. तो उचलण्यासाठी सेफ्टी कार आली आणि सर्व गाड्यांचा वेग मंदावला. अशा वेळी टायर बदलून घेतले तर एरवीपेक्षा कमी वेळ जातो. मर्सिडीजने ही संधी साधून दोन्ही गाड्या एकामागोमाग पिटमध्ये बोलावल्या. येथेच घोटाळा झाला. रेडिओवरील सूचना बोटासच्या टायरची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचली. रसेलच्या कर्मचाऱ्यांपर्यंत ती पोहोचली नाही. परिणामी आधी आलेल्या रसेलच्या गाडीला बोटासचे टायर चढले. फॉर्म्युला वनच्या नियमांनुसार प्रत्येक चालकाला टायरचे संच स्वतंत्रपणे वाटून दिलेले असतात आणि एकाचे टायर दुसऱ्याला वापरता येत नाहीत. मागून आलेल्या बोटाससाठी टायरच शिल्लक राहिले नाहीत. त्याची गाडी तब्बल २७ सेकंद उभी राहिली आणि अखेरीस आधीचेच जुने टायर परत चढवून तिला बाहेर काढण्यात आले. रसेललाही चुकीचे टायर काढण्यासाठी पुन्हा आत यावे लागले.

या गोंधळात पेरेझ आत आलाच नाही. तो मार्गावर राहिला आणि त्यामुळेच पहिला झाला.

रसेलने तरीही हार मानली नाही. पाचव्या स्थानावरून त्याने बोटास, स्ट्रोल आणि ओकॉन यांना मागे टाकले आणि पेरेझच्या मागे दोन-तीन सेकंदांवर येऊन ठेपला. जेमतेम दहा फेऱ्या उरल्या असताना त्याच्या मागच्या डाव्या टायरमधील हवा कमी होत असल्याचे आढळले आणि तो पुन्हा पिटमध्ये गेला. शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी, नववा क्रमांक आणि ३ गुण एवढेच त्याच्या पदरी पडले. टायरच्या चुकीबद्दल मर्सिडीजला २० हजार युरो दंड झाला. रसेलचा क्रमांक कायम ठेवण्यात आला.

आता दुकानमालकाच्या प्रश्नाकडे वळू. रेसिंग पॉइंट हा कोणता संघ होता?

इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे, शर्यतीच्या मार्गालगत एक कारखाना आहे. आयर्लंडच्या एडी जॉर्डन यांचा संघ १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि पुढे तेथून चालला. संघ विकला गेला आणि २००६ मध्ये त्याचे नाव मिडलँड झाले. पुढच्या वर्षी तो स्पायकर झाला. ऑक्टोबर २००७ मध्ये विजय मल्ल्या आणि नेदरलँड्सचे मिशिएल मोल यांनी तो विकत घेतला आणि २००८ च्या हंगामात तो 'फोर्स इंडिया' या नावाने उतरला. २०११ मध्ये सहारा समूहाने त्यात ४२.५ टक्के भागीदारी घेतली. पुढे संघाची आर्थिक स्थिती इतकी ढासळली की जुलै २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्यावर प्रशासक नेमले. त्यासाठी अर्ज करणाऱ्यांत दुसरे-तिसरे कोणी नसून खुद्द सर्जिओ पेरेझ होता. त्याचे स्वतःचे पैसे थकले होतेच; परंतु संघ कायमचा बंद पडण्याऐवजी प्रशासकाच्या हाती जावा आणि तेथील सुमारे ४०० जणांच्या नोकऱ्या वाचाव्यात, हा या पावलामागचा हेतू असल्याचे त्याने तेव्हा सांगितले होते. पुढच्याच महिन्यात लॉरेन्स स्ट्रोल यांच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांनी संघ घेतला. हे तिसऱ्या आलेल्या लान्स स्ट्रोलचे वडील. मालकी बदलल्याने फोर्स इंडियाचे त्या हंगामातील ५९ गुण संघांच्या तक्त्यातून पुसले गेले आणि उरलेल्या शर्यतींसाठी 'रेसिंग पॉइंट फोर्स इंडिया' असे जोडनाव चालले. २०१९ पासून त्यातील 'इंडिया'ही गेले. २०२१ मध्ये संघ अॅस्टन मार्टिन झाला.

म्हणजे साखिरमध्ये पहिली आलेली गाडी बनली ती त्याच जागी, आणि पुष्कळशा त्याच हातांनी, जेथे भिंतीवरच्या चित्रातली गाडी बनली होती. चालकही जुनाच होता: पेरेझ २०१४ पासून फोर्स इंडियात होता. दुसरा आलेला ओकॉन २०१७ आणि २०१८ मध्ये त्याच संघात पेरेझचा सहकारी होता. विजेत्यांच्या मंचावरच्या तिघांपैकी दोघे एके काळी फोर्स इंडियाच्या नावाने धावले होते आणि तिसऱ्याच्या वडिलांनी तो संघ विकत घेतला होता. निकालपत्रकात यातले काहीच छापले जात नाही.

फोर्स इंडिया या नावाने मात्र विजय कधीच मिळाला नाही. सर्वांत जवळची संधी आली ती ३० ऑगस्ट २००९ रोजी, बेल्जियमच्या स्पा येथे. जियानकार्लो फिसिकेलाने तेथे पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली आणि फेरारीच्या किमी रायकोनेनपेक्षा ०.९३९ सेकंदाने मागे राहून तो दुसरा आला. संघाचा तो त्या नावाने पहिलाच गुण-निकाल होता. या पराभवाला आणखी एक किनार आहे. याच कारखान्याचा साखिरपूर्वीचा शेवटचा विजय एप्रिल २००३ मधला, ब्राझीलचा, आणि तोही फिसिकेलाचाच. पावसात आणि अपघातांत थांबवलेल्या त्या शर्यतीत आधी विजेता म्हणून रायकोनेनचे नाव जाहीर झाले होते. फेऱ्या मोजण्यातली चूक काही दिवसांनी उघड झाली, निकाल बदलला आणि रायकोनेनने पुढच्या शर्यतीच्या वेळी चषक फिसिकेलाच्या हाती दिला. सहा वर्षांनी स्पामध्ये हिशेब उलटा झाला.

भारतीय चालकाने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले सर्व गुणही याच कारखान्याच्या खात्यावर आहेत, आणि ते एकूण ५ आहेत. जून २००५ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे नरेन कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीतून चौथा आला होता. त्या दिवशी मिशलिन टायर वापरणाऱ्या सात संघांच्या १४ गाड्या टायर असुरक्षित ठरल्याने सुरुवातीलाच परतल्या होत्या आणि केवळ सहा गाड्या धावल्या होत्या. हा तपशील सांगितल्याशिवाय 'चौथा क्रमांक' हे शब्द फसवे ठरतात. आणि तो सांगूनही त्या सहांत कार्तिकेयन चौथा होता, हे खोटे ठरत नाही.

आता त्याच दिवशीचा आधीचा निकाल. फॉर्म्युला टू ही फॉर्म्युला वनच्या लगतची खालची पायरी. तेथे सर्वांच्या गाड्या सारख्याच बनावटीच्या असतात, त्यामुळे चालकाचे कसब तुलनेने स्वच्छ दिसते. २०२० मध्ये प्रत्येक आठवड्यात दोन शर्यती होत: शनिवारची मोठी, रविवारची छोटी. शनिवारचे पहिले आठ जण रविवारी उलट्या क्रमाने उभे राहत. आठवा पहिल्या जागी, सातवा दुसऱ्या. त्यानुसार ६ डिसेंबरला ब्रिटनचा डॅन टिकटम पहिल्या जागी होता आणि त्याच्या शेजारी २२ वर्षांचा दारूवाला.

सुरुवात होताच टिकटमने दारूवालाला कडेला दाबण्याचा प्रयत्न केला. ही संधी साधून मिक शूमाकर बाहेरच्या बाजूने दोघांच्याही पुढे निघून गेला. मायकल शूमाकर यांचा हा मुलगा त्या दिवशी अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होता. त्यानंतर बराच वेळ या तिघांत जागांची अदलाबदल होत राहिली. दारूवालाने टायर जपले, संधी मिळताच आघाडी घेतली आणि ती सोडली नाही. कार्लिन संघातील त्याचा जपानी सहकारी युकी त्सुनोदा साडेतीन सेकंदांच्या अंतराने दुसरा आणि टिकटम तिसरा आला. शूमाकरचे टायर ब्रेक जाम होऊन घासले गेले, ते बदलण्यासाठी त्याला थांबावे लागले आणि तो अठरावा आला. अजिंक्यपद मात्र त्यालाच मिळाले. त्याचा प्रतिस्पर्धी कॅलम आयलॉट १४ गुणांनी मागे होता आणि त्यालाही त्या शर्यतीत गुण मिळवता आले नाहीत. २१५ विरुद्ध २०१ असा अंतिम हिशेब राहिला. अठरावा आलेला चालक वर्षाचा विजेता आणि पहिला आलेला चालक वर्षाच्या तक्त्यात बारावा, अशी ती दुपार होती.

त्या दिवशीच्या बातम्यांत 'फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा पहिला भारतीय' असे दारूवालाचे वर्णन झाले. ते बरोबर आहे, मात्र त्याला जोडून एक गोष्ट सांगायला हवी. ही स्पर्धा २०१७ पूर्वी जीपी टू या नावाने होत असे आणि त्या नावाखाली चेन्नईच्या करुण चंडोकने २००७ मध्ये स्पा येथे शर्यत जिंकली होती. चंडोक पुढे फॉर्म्युला वनमध्ये धावला. कार्तिकेयन आणि चंडोक या दोघांपलीकडे भारतीय नावांची यादी गेलेली नाही.

दारूवालाची कथा पुन्हा त्याच सिल्व्हरस्टोनच्या दारात नेते. फोर्स इंडियाने २०११ मध्ये देशभरातून मुलांची निवड करण्यासाठी 'वन फ्रॉम अ बिलियन' ही मोहीम राबवली. तीत तिघांची निवड झाली: अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि जेहान दारूवाला. दारूवाला तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा होता. त्याच सुमारास, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, ग्रेटर नोएडात पहिली इंडियन ग्रांप्री झाली. ती तीनच वर्षे टिकली. निवडलेला मुलगा मोठा होईपर्यंत मायदेशातील शर्यत बंद झाली होती, आणि साखिरला तो जिंकला त्याच्या दोन वर्षे आधी त्याला निवडणारा संघही परक्या हाती गेला होता. एकाच दिवशी, एकाच मार्गावर मोहिमेतला मुलगा जिंकला आणि काही तासांनी मोहीम काढणारा संघ जिंकला. दोघांचे नाते मात्र तोवर संपले होते.

या विजयानंतर दारूवाला फॉर्म्युला वनमध्ये का गेला नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर नियमांत आहे. फॉर्म्युला वनसाठी 'सुपर लायसन्स' लागते आणि त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. हे गुण एखादी शर्यत जिंकल्याबद्दल मिळत नाहीत. ते वर्षअखेरच्या क्रमांकावर ठरतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना थेट ४०, चौथ्याला ३०, पाचव्याला २०. सातव्याला केवळ ८. बाराव्याला काहीच नाही. दारूवाला २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला होता. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी फॉर्म्युला टूत तो सातवा राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोंझाची मुख्य शर्यत त्याने जिंकली, त्याच वर्षी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणीही त्याला मिळाली. जागा मिळाली नाही.

दुसरे उत्तर जागांच्या संख्येत आहे. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये दहा संघ होते, म्हणजे सर्व मिळून २० खुर्च्या. साखिरच्या त्या फॉर्म्युला टू शर्यतीतील शूमाकर, त्सुनोदा आणि निकिता माझेपिन २०२१ मध्ये वर गेले, चीनचा झोउ ग्वान्यू २०२२ मध्ये गेला. वर्षाचा उपविजेता आयलॉट मात्र गेला नाही. तेव्हा केवळ भारतीय असल्याने दारूवाला मागे राहिला, असे म्हणणे या आकड्यांना धरून होणार नाही. मात्र ज्या देशात त्या तोडीच्या शर्यतींची सोय चेन्नई, कोईम्बतूर आणि ग्रेटर नोएडा अशा मोजक्या ठिकाणी आहे, तेथील मुलाला तेराव्या-चौदाव्या वर्षीच युरोप गाठावे लागते आणि त्याचा कोट्यवधींचा खर्च कोणीतरी वर्षानुवर्षे सोसावा लागतो, हेही तितकेच खरे. साखिरच्या विजयानंतर दारूवालानेही याच अर्थाचे सांगितले होते: युरोपातील सोयी नसल्या तरी मेहनतीने पुढच्या रांगेत येता येते, हे त्याला मायदेशातल्या लोकांना दाखवायचे होते. पुढे तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत उतरला आणि २०२४ च्या हंगामात मासेराती संघाकडून धावला.

पेरेझचे नशीब त्या रात्रीनंतर लवकर पालटले. साखिरला तो जिंकला तेव्हा पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडे संघच नव्हता. सेबॅस्टियन फेटेलला घेण्यासाठी रेसिंग पॉइंटने त्याला आधीच निरोप दिला होता. विजयानंतर १२ दिवसांनी रेड बुलने त्याला करारबद्ध केले. संघाच्या हिशेबात मात्र एक सल राहिली. ब्रेकच्या भागांची रचना मर्सिडीजकडून उचलल्याच्या तक्रारीवरून त्या वर्षी रेसिंग पॉइंटचे १५ गुण कापले गेले होते. साखिरच्या एका दिवसात पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे ४० गुण मिळूनही संघ १९५ गुणांवर थांबला आणि मॅक्लारेनने २०२ गुणांसह तिसरे स्थान घेतले. साखिरनंतरच्या आठवड्यात अबू धाबीची शर्यत झाली आणि रेसिंग पॉइंट हे नावही मिटले.

गोरखपूरच्या दुकानात हे सारे सांगून झाल्यावर मालकाने पुन्हा विचारले, "म्हणजे जिंकली ना?" जिंकली, पण एकदाच आणि दुसऱ्या नावाने, असे उत्तर द्यावे लागले. शिवाय जिंकली तेव्हा ती गुलाबी होती. जाहिरातदारासाठी संघाने २०१७ मध्येच रंग बदलला होता. भिंतीवरचे चित्र त्याआधीचे आहे.